कागद कोणाचा, काम कोणतं?

दरवर्षी आयटीआयचा निकाल लागला की चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, बुटीबोरी, शिरोली या पट्ट्यांत नव्या पोरांची वर्दळ वाढते. पाठीला सॅक, सॅकमध्ये प्लास्टिकच्या फाइलीत गुणपत्रिका, आणि मोबाइलवर कुणीतरी पुढे ढकललेला मेसेज: ‘फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन पाहिजेत. आजच जॉइनिंग. राहण्याची, जेवणाची सोय.’ एमआयडीसीच्या चौकात उतरून पोरं त्या नंबरावर फोन लावतात, पलीकडचा माणूस कुठल्यातरी चहाच्या टपरीपाशी बोलावतो, आणि संध्याकाळपर्यंत नोकरी लागलेली असते. कुठे लागली, कुणी लावली, किती दिवसांसाठी लागली, हे मात्र त्यांना सांगता येत नाही.

हा लेख त्या पोरापोरींसाठी आहे, आणि त्यांना निरोप देणाऱ्या आईवडिलांसाठीही. पहिल्या नोकरीची बातमी आली की घरचे सगळे एकच विचारतात, ‘पगार किती?’ प्रश्न रास्त आहे. घर चालवायचं असतं, बहिणीचं शिक्षण असतं, कर्जाचा हप्ता असतो. तरीही माझं सांगणं असं की पगार तिसऱ्या नंबरावर विचारा. आधी विचारा, नेमणुकीचा कागद कुणाच्या नावाचा आहे. मग विचारा, तिथे रोज हाताला कोणतं काम मिळणार आहे. पुढच्या दहा वर्षांचा पगार या दोन उत्तरांवर ठरतो.

गेटवरची पाटी आणि पावतीवरचं नाव

कंपनीच्या गेटवर मोठी पाटी असते, अंगावर तिचाच गणवेश असतो, आणि महिन्याने हातात पडलेल्या पगारपावतीवर भलत्याच एजन्सीचं नाव निघतं. हे या पट्ट्यांत रोजचं आहे. कंपनीच्या रोलवर असणं, ठेकेदाराच्या रोलवर असणं, नोंदणीकृत शिकाऊ उमेदवार असणं आणि नुसतंच ‘ट्रेनी’ असणं, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. चौघंही एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभे राहून एकच काम करताना दिसतील. हक्क मात्र चौघांचे वेगळे.

ठेकेदाराच्या रोलवर लागणं वाईटच, असं मी म्हणत नाही. अनेकांची सुरुवात तिथूनच होते आणि काही जण पुढे कंपनीत कायमही होतात. पण ठेकेदाराचं पूर्ण नाव, त्याचा पीएफचा कोड आणि करार किती महिन्यांचा आहे, एवढं पहिल्याच दिवशी वहीत उतरून घ्या. नेमणुकीचा कागद मागा. ‘नंतर देतो’ असं उत्तर आलं तर आठवड्याने पुन्हा मागा. निदान व्हॉट्सअॅपवर तरी पद, पगार आणि रुजू झाल्याची तारीख लिहून घ्या. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका. पडताळणीसाठी दाखवायची आणि तिथल्या तिथे परत घ्यायची. नोकरी सोडताना अडवायला मूळ कागद हाताशी असावेत म्हणूनच ते ठेवून घेतले जातात.

आणि नोकरीसाठी पैसे देऊ नका. नोंदणी, गणवेश, मेडिकल, डिपॉझिट, नाव कोणतंही असो, आधी पैसे मागणारा माणूस नोकरी देत नसून पैसे मिळवत असतो. नेमणूकपत्र कंपनीच्या अधिकृत ईमेलऐवजी फुकटच्या खात्यावरून आलं, मुलाखतीशिवायच निवड झाली, किंवा ‘रेल्वेत आतून काम होतं’ असं कुणी सांगितलं, तर तिथून निघा. रेल्वेची भरती जाहिरात देऊन होते, आणि ती जाहिरात रेल्वेच्याच संकेतस्थळावर असते.

शिकाऊ उमेदवारी: कमी लेखलेली वाट

आयटीआय झाल्यावर सगळ्यात कमी लेखला जाणारा मार्ग म्हणजे अप्रेंटिसशिप. ‘सात-आठ हजारांत वर्ष काढण्यापेक्षा ठेकेदाराकडे पंधरा मिळतात’, हा हिशेब मी पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. तो पहिल्या वर्षापुरता बरोबर आहे, पुढे तो चुकतो.

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा. त्याखालच्या नियमांत २०१९ मध्ये बदल झाले आणि ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक झालं. एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके उमेदवार घ्यायचे, आणि या मोजणीत कंत्राटी माणसंही धरायची. त्याच नियमांत आयटीआय उत्तीर्णांना किमान ७,००० आणि डिप्लोमाधारकांना किमान ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं. कंपनी यापेक्षा जास्त देऊ शकते आणि अनेक देतातही. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिना १,५०० रुपयांपर्यंत, वाटा उचलतं. करारावर सही करण्याआधी सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर सध्याचे दर बघून घ्या.

ही उमेदवारी खरी आहे की नुसतं नाव आहे, हे ओळखण्याची खूण म्हणजे करार. तो याच पोर्टलवर नोंदलेला असतो, त्याला नोंदणी क्रमांक असतो आणि तो तुम्हाला तुमच्या लॉगिनमध्ये दिसतो. क्रमांक नसेल तर तुम्ही शिकाऊ उमेदवार नाही. मग तुम्ही स्वस्तात मिळालेला हेल्पर आहात, ओळखपत्रावर ‘ट्रेनी’ छापलेलं असलं तरी.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार धरला जात नाही, तो प्रशिक्षणार्थी असतो, त्यामुळे या काळात पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) लागू होत नाही. काम करताना इजा झाली तर भरपाईची तरतूद मात्र या कायद्यातच आहे. दुसरं म्हणजे मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नसतं, करारात तसं लिहिलेलं असेल तरच ते येतं. हे न कळल्यामुळे वर्षअखेरीस फार मनस्ताप होतो.

मग फायदा कोणता? शेवटी होणारी अखिल भारतीय परीक्षा पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. आयटीआयचं प्रमाणपत्र आणि त्यावर हे, असे दोन कागद असले की पुष्कळ दारं उघडतात. रेल्वेच्या आस्थापनांत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ पदांच्या थेट भरतीत २० टक्के जागा ठेवलेल्या आहेत. महाराष्ट्रात तर जागांची ददात नाही. मुंबईत माझगाव डॉक आणि नेव्हल डॉकयार्ड, ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स, खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, अंबरनाथ, अंबाझरी, भद्रावती इथले आयुधनिर्माणी कारखाने, महावितरण, एसटीच्या कार्यशाळा. या ठिकाणी वर्षभर काम केलेल्या मुलाच्या हाताला जी शिस्त लागते, ती पुढच्या मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत दिसते.

टेबलावरचा व्हर्नियर

मुलाखतीबद्दल मुलं इंग्रजीला घाबरतात. खासगी कारखान्यात फिटर, टर्नर, मशिनिस्टच्या मुलाखतीत इंग्रजी बोलणं क्वचितच आडवं येतं. आडवं येतं ते वेगळंच.

टेबलावर एक व्हर्नियर कॅलिपर आणि एक फिरवून काढलेला जॉब ठेवलेला असतो. ‘माप सांग.’ निम्मी मुलं व्हर्नियर उचलतात, जॉबला लावतात आणि आकडा सांगतात. एखादा मुलगा आधी जबडे पुसतो, मिटवतो, शून्याला शून्य जुळतं का ते बघतो आणि मग जॉबला हात लावतो. त्याने आकडा सांगायच्या आत समोरच्या माणसाचं मत झालेलं असतं. पुढचा प्रश्न येतो, ‘लीस्ट काउंट किती?’ साध्या व्हर्नियरचा ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरचा ०.०१, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. मग, ‘एम-१० चा टॅप मारायचाय, ड्रिल कितीचं घेशील?’ तक्ता पाठ असलेला मुलगा ८.५ म्हणून मोकळा होतो. तक्ता आठवत नसेल तर गप्प बसू नका. ‘पिच दीड असेल तर दहातून दीड वजा करून साडेआठचं घेईन’ असं बोलून दाखवा. असा हिशेब मोठ्याने करणारा मुलगा मला तक्ता पाठ असलेल्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, कारण उद्या मशीनवर अडलं तर तो तिथेही असाच विचार करेल.

सीएनसी, व्हीएमसीसाठी जाणार असाल तर जी-०० आणि जी-०१ मधला फरक, एम-०३ ने काय होतं, टूल ऑफसेट म्हणजे काय आणि इन्सर्ट झिजला हे जॉब बघून कसं ओळखायचं, एवढं नीट येऊ द्या. ड्रॉइंग वाचता येणं मात्र सगळ्यांनाच हवं. आयटीआयतलं ड्रॉइंगचं पुस्तक रद्दीत घालू नका. मुलाखतीच्या आदल्या रात्री तेच उघडायचं आहे.

बायोडाटा एका पानाचा पुरे. वडिलांचा व्यवसाय, उंची, छंद, ‘मी प्रामाणिक व कष्टाळू आहे’ हे सगळं काढून टाका. त्या जागी लिहा: कोणत्या मशीनवर काम केलं, कंट्रोल कोणता होता, फॅनुक की सिमेन्स, कोणती मापनसाधनं वापरली, आयटीआयत कोणता जॉब स्वतः केला, कोणत्या मापात केला. इलेक्ट्रिशियन असाल तर स्टार्टरचं वायरिंग केलं आहे का, पॅनेलवर काम केलं आहे का, वायरमनचा परवाना काढला आहे का, हे लिहा. परवाना नसेल तर काढा. घरगुती वायरिंगची कामं स्वतः घ्यायची वेळ आली तर तोच लागणार आहे. फोन नंबर चालू असलेलाच द्या. रिचार्ज संपला म्हणून मुलाखतीचा निरोप हुकलेली मुलं दर भरतीत भेटतात.

आणखी एक बारीक पण फार छळणारी गोष्ट. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर नाव आधी, बँकेत वडिलांचं नावच नसतं, पॅनवर स्पेलिंग वेगळं. पीएफचं खातं उघडताना यातलं एक घेतलं जातं आणि काही वर्षांनी पैसे काढताना नाव जुळत नाही म्हणून दावा परत येतो. नोकरीला लागायच्या आधीच चारही कागदांवरचं नाव आणि जन्मतारीख एक करून घ्या. तेव्हा सवड असते, नंतर एका दुरुस्तीसाठी पगारी सुट्टी घालवावी लागते.

जागा कुठे सापडतात

महास्वयं पोर्टलवर नोंदणी करा, जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या रोजगार मेळाव्यांना जा. एवढं कराच. पण निम्म्याहून जास्त जागांची बातमी पोर्टलवर येण्याआधी शॉपफ्लोअरवर फिरलेली असते, असा माझा अनुभव आहे. एचआरचा माणूस आधी सुपरवायझरला विचारतो, ‘तुमच्या ओळखीत कुणी आहे का?’ म्हणून आपल्या आयटीआयचे दोन-चार बॅच आधीचे विद्यार्थी कुठे कामाला आहेत याची यादी करा. निदेशकांकडे ती मिळते. फोन करून थेट ‘नोकरी लावा’ म्हणू नका. ‘दादा, तुमच्याकडे कोणती मशीन आहेत, भरती साधारण कधी निघते, मुलाखतीत काय विचारतात?’ असं विचारा. नोकरी देणं त्या दादाच्या हातात नसतं, माहिती देणं असतं, आणि ती तो आनंदाने देतो.

लहान वर्कशॉप टाळू नका. हे मी ठासून सांगतो, कारण मुलांना आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांना मोठ्या कंपनीच्या नावाची ओढ असते. मोठ्या कारखान्याच्या असेंब्ली लाइनवर सहा-सात महिन्यांच्या करारावर लागलेला फिटर दिवसभर तेच चार बोल्ट आवळतो. करार संपला की बाहेर पडताना त्याला बोल्ट आवळण्यापलीकडे नवं काहीच आलेलं नसतं. भोसरीतल्या किंवा शिरोलीतल्या पंधरा-वीस माणसांच्या शॉपमध्ये त्याच मुलाला टूल ग्राइंड करावं लागतं, जॉब सेट करावा लागतो, माप गेलं तर का गेलं ते मालकाला समोर उभं राहून सांगावं लागतं. दोन वर्षांत तो सेटर होतो. कोल्हापूरच्या फाउंड्री पट्ट्यात, संभाजीनगरच्या वाहनभागांच्या कारखान्यांत चांगल्या सेटरला आणि प्रोग्रॅमरला मागणी असते आणि तो नोकरी निवडून घेऊ शकतो.

लहान शॉपची दुसरी बाजूही सांगायला हवी. २० पेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ सक्तीचा नसतो, १० पेक्षा कमी असतील तर ईएसआयही नसतो. प्रेस मशीनला गार्ड नाही, ग्राइंडिंगला चष्मा नाही, अशी शॉपही आहेत. पहिल्या दिवशी आत फिरताना हे बघा. प्रेसवर सेन्सर काढून ठेवलेला दिसला तर ती नोकरी घेऊ नका, पगार कितीही असो. गेलेलं बोट परत येत नाही.

सीटीसी आणि हातात पडणारे पैसे

आता पगार. ‘सीटीसी एकोणीस हजार’ असं ऐकून गेलेला मुलगा पहिल्या महिन्यात तेरा हजारही हातात आले नाहीत म्हणून फसवलं गेल्यासारखा चिडतो. बऱ्याचदा फसवणूक नसते, आकड्याचा अर्थ वेगळा असतो. सोपं जावं म्हणून मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरू, दुसरा भत्ता नाही. मालकाचा पीएफचा १२ टक्के वाटा १,८००. ईएसआयचा ३.२५ टक्के वाटा ४८८. बोनस ८.३३ टक्के, म्हणजे १,२५०. ग्रॅच्युइटीपोटी धरलेले ७२२. बेरीज १९,२६०. ही झाली सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. आता तुमची कपात: पीएफ १,८००, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे ११३, व्यवसाय कर २००. हातात राहिले १२,८८७. त्यातून कँटीन आणि बसचे पैसे कापत असतील तर आणखी कमी. मुलींना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, तरी तो कापला जातोय का ते पावतीवर बघा.

म्हणून मुलाखतीत ‘सीटीसी किती’ विचारून थांबू नका. ‘हातात किती, त्यात ओव्हरटाइम धरलाय का?’ असं विचारा. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे. तो एकपट मिळत असेल तर निदान तुम्हाला ते माहीत असलं पाहिजे.

पीएफ कापला म्हणून रडू नका. मालकाचेही तेवढेच पैसे तुमच्या नावाने जातात. दर महिन्याला उमंग अॅपवर पासबुक उघडून दोन्ही रकमा जमा होतात का ते बघा. पावतीवर कापलेले आणि पासबुकात न आलेले पैसे जितक्या लवकर लक्षात येतील तितकं बरं. नोकरी बदलली की यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवा, नव्या कंपनीला तोच सांगा, जुनी रक्कम काढून मोबाइल घेण्यापेक्षा नव्या खात्यात वळवा. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते आणि प्रत्येक वेळी पैसे काढून घेतले की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

पहिली दोन वर्षं

खिशात एक छोटी वही ठेवा. आज कोणता जॉब, कोणतं मटेरियल, कोणतं टूल, स्पीड-फीड किती, रिजेक्शन झालं तर कशामुळे. रोज चार ओळी. वर्षभराने हीच वही तुमची मुलाखतीची तयारी करून देते, आणि पगारवाढ मागताना बोलायला मुद्देही देते.

पाचशे रुपयांसाठी नोकरी बदलू नका, नवं मशीन शिकायला मिळत असेल तर पाचशे कमी घेऊनही बदला. पण सोडताना राजीनामा देऊन, नोटीस भरून, रिलीव्हिंग लेटर आणि हिशेब घेऊन सोडा. गावाकडे सणाला जाऊन परत न जाण्याची पद्धत फार महागात पडते. पीएफमध्ये सोडल्याची तारीख पडत नाही, अनुभवाचा कागद मिळत नाही, आणि एमआयडीसीत एचआरवाले एकमेकांना ओळखतात.

नोकरी लागली म्हणून शिक्षण थांबत नाही. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय आणि सीएनसीचे अभ्यासक्रम आहेत. शिकवण्याची आवड असेल तर निदेशक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करून आयटीआयतच परत येता येतं. सरकारी भरतीची तयारी करायची असेल तर जरूर करा, पण नोकरी चालू ठेवून करा. तीन-चार वर्षं नुसती अभ्यासिकेत गेली आणि निवड झाली नाही, की मशीनवरचा हात गेलेला असतो आणि मुलाखतीत त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नसतं.

शेवटी एक विनंती, जे पाच-सात वर्षांपूर्वी याच वाटेने गेले आणि आज सेटर, सुपरवायझर किंवा शॉपचे मालक आहेत त्यांना. वर्षातून एक शनिवार आपल्या जुन्या आयटीआयत जा. सोबत कंपनीतलं एखादं जुनं ड्रॉइंग आणि स्वतःची पगारपावती न्या, आणि मुलांना दोन्ही वाचायला शिकवा.